गारपीट, पंचनामा आणि भूमिहीन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



रविवार, दि. ११ फेब्रुवारी २०१८ च्या सकाळी जालना जिल्ह्यातील जालना, मंठा, जाफराबाद आदी तालुक्यांवर सोसाट्याचा वारा, पाऊस आणि गारा एकदमच कोसळल्या. मारा काही मिनिटांचाच होता. परंतु तेवढ्या अवधीत ओंबीत भरत आलेला गहू जमिनीला चिकटला, कणसांवर आलेली रब्बी ज्वारी आडवी झाली, हरभऱ्याचे घाटे झडले आणि घडांनी लगडलेले द्राक्षांचे मांडव खाली आले. मोसंबीच्या बागांत मृग बहाराची फळे आणि आंबिया बहाराची फुले दोन्ही मातीत मिसळली. झाडांच्या सालीला झालेल्या जखमा तर पुढच्या हंगामापर्यंत ओल्या राहिल्या. उघड्यावर सापडलेली वृद्ध माणसे गारांच्या माऱ्याने दगावली. वंजार उमरदसारख्या खेड्याचे नाव, जे एरवी जिल्ह्याबाहेर कोणाला ठाऊक नसते, ते त्या दिवसानंतर राज्यभरच्या वृत्तपत्रांत आले. राज्यात विदर्भ-मराठवाड्याच्या जिल्ह्यांतून मिळून सव्वा लाख हेक्टरांच्या घरात पिकांचे नुकसान झाल्याचा पहिला शासकीय अंदाज दोन दिवसांत प्रसिद्ध झाला.

हा आकडा नीट वाचला पाहिजे. सव्वा लाख हेक्टर म्हणजे किती माणसे? त्यांतील किती जमिनीचे मालक, किती बटईदार, किती सालगडी, किती रोजमजूर? त्या सकाळी ज्या बायकांनी आदल्या रात्री विळ्यांना धार लावून ठेवली होती, त्यांचे पुढचे चाळीस दिवस कोणत्या रकान्यात धरले गेले? या प्रश्नांची उत्तरे त्या आकड्यात नाहीत. पुढे आलेल्या सविस्तर आकड्यांतही नव्हती. त्याचे कारण अधिकाऱ्यांची हृदयशून्यता हे नव्हे. नुकसान मोजण्याचे आपले मापच मुळात जमिनीचे आहे, माणसाच्या श्रमाचे नाही. आजच्या विवेचनाचा विषय एवढाच आहे.

आपत्तींची मालिका

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूरचा भाग परभणीत होता. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १९ लाख ६० हजार असून पाचांतील चार माणसे खेड्यात राहतात. दक्षिणेला गोदावरी, मधून दुधना आणि कुंडलिका, उत्तरेला पूर्णा अशा नद्या असल्या, तरी बहुसंख्य शेती आभाळाकडे डोळे लावूनच चालते. जालना शहर बियाण्यांच्या कंपन्यांसाठी आणि लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. येथील मोसंबीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाच्या कामातून द्राक्षशेती उभी केली, तिचे दाखले राज्यभर दिले जातात. म्हणजे हा जिल्हा निरुद्योगी नाही, येथील शेतकरी अडाणी नाही.

असे असूनही गेल्या काही वर्षांचा त्याचा अनुभव काय आहे? २०१२-१३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांत जालन्याची गणना झाली. वर्षानुवर्षे जोपासलेल्या मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या. त्यातून सावरत असतानाच २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्याला गारपिटीने झोडपले. २०१५ साली पुन्हा दुष्काळ. २०१८ साली पुन्हा गारा. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात एवढा पाऊस झाला की काढणीला आलेले सोयाबीन शेतातच कुजले आणि नदीकाठची माती खरडून गेली. एका आपत्तीचे कर्ज फिटण्यापूर्वी दुसरी आपत्ती दाराशी येते. अशा वेळी प्रत्येक वादळाचा स्वतंत्र हिशेब करणे म्हणजे आजाऱ्याचा रोजचा ताप लिहायचा आणि त्याची क्षीण होत गेलेली प्रकृती मात्र विसरायची, असे होते.

गारपिटीची कारणमीमांसा थोडक्यात सांगता येते. हिवाळ्याच्या अखेरीस पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांबरोबर उंचावरची थंड हवा दक्षिणेकडे सरकते. त्याच सुमारास समुद्रावरून आलेली ओलसर हवा दख्खनच्या पठारावर तिला भेटते. जमीन तापू लागलेली असते. हवेचे प्रबळ झोत वर चढतात, ढगातील गोठणबिंदूखालचे जलकण बर्फाच्या कणावर थरावर थर चढवीत जातात आणि वरच्या झोतालाही पेलवेनासा झालेला तो गोळा खाली येतो. या प्रक्रियेतील एक गोष्ट अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. गारपीट सरसकट तालुकाभर होत नाही, ती पट्ट्यात होते. एका शिवारात होत्याचे नव्हते होते आणि नाल्यापलीकडच्या शिवारात पानही फाटत नाही.

पंचनाम्याचा डोळा

गारपिटीनंतर गावात येतात ते तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. ते बांधावर उभे राहून गट नंबर लिहितात, पीक लिहितात, क्षेत्र लिहितात, नुकसानीची टक्केवारी लिहितात. फेब्रुवारी २०१८ मध्ये मराठवाड्यात काही ठिकाणी तर शेतकऱ्यांच्या हातात नाव आणि गट नंबर लिहिलेली पाटी देऊन छायाचित्रे काढली गेली. कैद्याचे छायाचित्र काढावे तसे हे दृश्य होते आणि त्यावर टीकेची झोड उठली, ती योग्यच होती. परंतु त्या पाटीवर लिहिण्यासाठी ज्याच्याकडे गट नंबरच नव्हता, त्याचे छायाचित्र कोणीच काढले नाही, याची चर्चा झाली नाही.

पंचनाम्याचा हा डोळा कोठून आला? पिकाची आणेवारी, बुडित हंगामात साऱ्याची तहकुबी, फारच बुडाले तर सूट, ही महसुली व्यवस्थेची जुनी रीत आहे. ब्रिटिश मुलखात काय आणि निजामी मुलखात काय, राज्यकर्त्यांना पिकात रस होता तो त्यातील आपल्या हिश्शापुरता. पीक बुडाले तर सारा वसूल होणार नाही, म्हणून पीक किती बुडाले हे पाहणे भाग होते. सारा देतो तो खातेदार. म्हणून चौकशीही खातेदाराचीच. मजूर सारा देत नव्हता, तेव्हा त्याची मजुरी बुडाली काय आणि न बुडाली काय, सरकारी तिजोरीच्या दृष्टीने सारखेच होते. स्वातंत्र्यानंतर जमीन महसूल हे राज्याच्या उत्पन्नाचे साधन म्हणून नगण्य झाले, सूट देण्याऐवजी मदत देण्याची पद्धत आली. हा बदल स्वागतार्हच होता. परंतु साऱ्यासाठी तयार झालेला डोळाच मदतीसाठी वापरला गेला. लोककल्याणकारी राज्याने वसुलीचे दप्तर उलटे करून वाटपाचे दप्तर बनविले, त्यातील नावे मात्र तीच राहिली.

मदतीचे दर पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. मार्च २०१४ च्या गारपिटीनंतर राज्य सरकारने जिरायतीला हेक्टरी १० हजार, बागायतीला १५ हजार आणि फळबागांना २५ हजार रुपये जाहीर केले. २०१५ साली केंद्राने आपल्या निकषांत सुधारणा करून नुकसानीची अट ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणली आणि हेक्टरी ६,८००, १३,५०० आणि १८,००० असे दर ठरविले. २०२२-२६ या काळासाठी ते ८,५००, १७,००० आणि २२,५०० झाले. मर्यादा दोन हेक्टरांची. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, मर्यादा तीन हेक्टरांपर्यंत वाढविली आणि खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजारांची तरतूद सांगितली. दर बदलले, मर्यादा बदलल्या, सरकारे बदलली; पिकाच्या मदतीचे एकक मात्र हेक्टरच राहिले.

हे दर शेतकऱ्याला पुरेसे आहेत असे कोणीही म्हणणार नाही. हेक्टरी ८,५०० म्हणजे गुंठ्याला सुमारे ८५ रुपये. त्यात बियाण्याचा खर्चही भागत नाही. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर आहे. अशा खातेदाराची मिळकत आणि मजुराची मिळकत यांत फारसे अंतर उरलेले नाही. त्यातले अनेकजण वर्षाचे काही महिने स्वतःच मजुरीला जातात. तेव्हा येथे मांडला जात असलेला मुद्दा शेतकऱ्याच्या ताटातील काढून मजुराला द्यावे, असा नाही. गावच्या नुकसानीचा जो हिशेब सरकारपुढे जातो तो अपुरा आहे, आणि त्या अपुरेपणाचा तोटा गावातील सर्वांत दुबळ्याला होतो, असा हा मुद्दा आहे.

ज्यांचे शेत नव्हते त्यांचे काय बुडाले?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात स्वतःची शेती कसणारे सुमारे १ कोटी २५ लाख, तर शेतमजूर सुमारे १ कोटी ३५ लाख नोंदले गेले. शेतीवर राबणाऱ्यांत मजुरांची संख्या मालकांपेक्षा अधिक आहे. या मोठ्या समूहाला गारपिटीने काय केले?

फेब्रुवारी-मार्च हा जालन्याच्या खेड्यात मजुरीचा भरगच्च काळ असतो. हरभऱ्याची सोंगणी, ज्वारीची काढणी, कणसे खुडणे, कडबा बांधणे, गव्हाची कापणी, द्राक्षांची तोडणी अशी कामे एकापाठोपाठ येतात. पुष्कळ गावांत काढणीच्या मजुरीचा काही भाग धान्यातच मिळतो आणि तेच धान्य घराच्या कणगीत उन्हाळ्यापुरते पडते. गारा पडल्या म्हणजे ही मजुरी एका दिवसाची बुडत नाही, हंगामाची बुडते. पैसा जातो, वर्षाचे धान्यही जाते. जिच्याकडे एखादी शेळी आहे तिला कडब्याच्या आणि भुसाच्या टंचाईने ती विकावी लागते. आणि सगळे गावच जनावरे विकायला निघाले असल्यामुळे बाजारात भाव पडलेला असतो.

आता एक हिशेब मांडून पाहू. तो कल्पित गावाचा आहे, केवळ प्रमाण समजावे म्हणून. समजा, गावात ५०० हेक्टरांवर रब्बी उभी आहे आणि काढणी-मळणीला हेक्टरी २० दिवसांची मजुरी लागते. म्हणजे १०,००० मनुष्यदिवस. २०२५-२६ मध्ये राष्ट्रीय रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर दिवसाला ३१२ रुपये होता; त्या दराने ही मजुरी ३१ लाख २० हजार रुपये होते. सगळे क्षेत्र जिरायत धरले आणि सगळ्याला मदत मिळाली असे मानले, तर खातेदारांना हेक्टरी ८,५०० प्रमाणे ४२ लाख ५० हजार मिळतील. पहिला आकडा दुसऱ्याच्या पाऊणपटीच्या जवळ आहे. एवढी मोठी रक्कम गावाच्या अर्थव्यवस्थेतून नाहीशी होते आणि ती कोठे लिहिलीच जात नाही.

बियाणे-उत्पादनाच्या प्लॉटांवर हे अधिकच प्रकर्षाने दिसते. जालना आणि लगतच्या देऊळगाव राजाच्या पट्ट्यात शेडनेटखाली मिरची, टोमॅटोचे संकरित बियाणे तयार होते. फुलातले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि परागीकरण हाताने करायचे, हे काम बहुतांशी बायका आणि तरुण मुली करतात. वादळाने जाळी फाटून खांब वाकले म्हणजे शेतकऱ्याची गुंतवणूक जाते, आणि त्या बायकांचे महिनोन्महिन्यांचे कामही जाते. हवामानाची जोखीम बियाण्याच्या व्यवहारात साधारणतः पिकविणाऱ्याच्याच माथी असते. तो ती मजुरी कमी करून पुढे ढकलतो. जोखमीचा ओघ नेहमी उताराकडे असतो, आणि उताराच्या तळाशी ज्याच्यापाशी काहीच नाही तो उभा असतो.

मंठा, अंबड, घनसावंगी या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्यांची कथा आणखी वेगळी. फेब्रुवारीत ते आपल्या गावात नसतातच. कारखान्याच्या परिसरातील त्यांची कोपी वाऱ्याने उडाली, भिजलेल्या धान्याला कोंब आले, बैल गारांनी जायबंदी झाला, तर पंचनामा कोणत्या गावचा तलाठी करणार? २०२२-२६ च्या निकषांत झोपडीला ८,००० रुपये, शेळी-मेंढीला ४,००० रुपये आणि ओढकामाच्या बैलाला ३२,००० रुपये लिहिलेले होते. परंतु लिहिलेले मिळण्यासाठी आधी माणूस कोठल्या तरी गावच्या यादीत असावा लागतो.

बटईदार तर मजुराहूनही बिकट स्थितीत सापडतो. कारण त्याची मजुरीही बुडते आणि भांडवलही. मराठवाड्यात हैदराबाद संस्थानचा १९५० चा कूळकायदा आला, त्याने संरक्षित कुळांना हक्क दिले. तो पुरोगामी कायदा होता, त्यासाठी झालेला संघर्ष समाजवादी चळवळीला अभिमानाचा आहे. मात्र त्याचा एक अनपेक्षित परिणामही मान्य केला पाहिजे: जमीन कुळाच्या नावे लागेल या भीतीने मालकांनी कागद करणेच सोडले. जमीन बटईने वा ठोक्याने दिली जाते, पण तोंडी. पीक बटईदाराचे, कर्ज बटईदाराचे, तेही बहुधा सावकाराचे किंवा कृषी सेवा केंद्राच्या उधारीचे. आणि सातबारावर नाव मालकाचे. मदत मालकाच्या खात्यात जमा होते. मालक सज्जन असला तर तो निम्मे देतो. सज्जनपणावर चालणारी व्यवस्था ही न्यायाची व्यवस्था म्हणता येत नाही.

आणि स्त्रिया? महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क दिला. पण सातबाराच्या उताऱ्यावर तो क्वचितच उतरला. पती परगावी गेलेला, व्यसनी झालेला किंवा कर्जापायी जीव दिलेला, अशा घरात शेती ती करते. अनुदानाच्या यादीत नाव सासऱ्याचे किंवा दिराचे असते.

वारा यादीत बसत नाही

मोजमापाचा हा दोष आपत्तीच्या व्याख्येतही आढळतो. केंद्राच्या निकषांत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, पूर, गारपीट, ढगफुटी अशा ठराविक आपत्तींची यादी आहे. वीज पडणे आणि चक्रीवादळ नसलेला सोसाट्याचा वारा त्या यादीत नव्हते. राज्यांना आपल्या निधीचा दहा टक्के भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरण्याची मुभा मिळाली, तेव्हा महाराष्ट्राने अवेळी पाऊस, अतिवृष्टी आणि वीज यांचा समावेश केला. अतिवृष्टी म्हणजे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस. वळवाच्या वाऱ्याने घरावरचे पत्रे उडाले, विजेचे खांब पडून आठवडाभर मोटार बंद राहिली, मोसंबीचा सडा पडला. आणि पर्जन्यमापकात पडले तीस मिलिमीटर. मग नुकसान आपत्तीचे की नशिबाचे, हा वाद महिनोन्महिने चालतो.

पीकविम्यातही तेच. गारपीट पट्ट्यात होते हे वर आलेच आहे. म्हणूनच पीकविमा योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीसाठी वैयक्तिक शेतातील नुकसानीची तरतूद होती. ७२ तासांत कळवायचे, अशी तिची अट होती. या अटीवर पुष्कळ तक्रारी होत्या. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा सुरू केला, गैरप्रकारांच्या तक्रारींनंतर २०२५ मध्ये तो बंद केला, आणि त्याबरोबर स्थानिक आपत्तीचा निकषही वगळून केवळ पीककापणी प्रयोगावर आधारित भरपाई ठेवली. महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर भरपाई ठरली, की पट्ट्यात सापडलेला शेतकरी शेजाऱ्याच्या चांगल्या पिकाच्या सरासरीत बुडतो. गैरप्रकार थांबविण्यासाठी खरे नुकसान मोजणेच सोडून देणे, हा उपाय कोणत्या न्यायात बसतो?

आणि गैरप्रकार कोण करतो तेही पाहावे. २०२५ मध्ये जालना जिल्ह्यातच, अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत, अतिवृष्टी-गारपिटीच्या अनुदानात कोट्यवधी रुपयांचा अपहार झाल्याचे उघडकीस आले. महसूल कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, गुन्हे दाखल झाले. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील. परंतु गावात ज्याच्या नावे अनुदान निघाले त्याचे शेतच नाही, हे गावाला पहिल्या दिवशी ठाऊक होऊ शकले असते. यादी चावडीवर वाचली गेली असती, तर अशा गोष्टी लपणे कठीण होते. भूमिहीनांना यादीबाहेर ठेवण्यासाठी गैरप्रकाराची भीती पुढे केली जाते. यादीतला गैरप्रकार मात्र दप्तराच्या आतूनच होतो.

हक्क आणि मेहेरबानी

अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे विश्लेषण केले. धान्य किती होते यापेक्षा धान्यावर कोणाचा हक्क पोहोचत होता, हा प्रश्न त्यांनी केंद्रस्थानी आणला. सर्वांत अधिक भरडले गेले ते शेतमजूर, कोळी, गावातले कारागीर. कारण त्यांच्यापाशी विकण्याजोगे श्रमच होते आणि त्या श्रमांचे मोल धान्याच्या तुलनेत कोसळले होते. जालन्याच्या गारपिटीत बंगालसारखी उपासमार झाली नाही. स्वस्त धान्य दुकाने आहेत, लोकशाही आहे, वृत्तपत्रे आहेत. पण हक्कांच्या कोसळण्याची यंत्रणा तीच आहे, केवळ तिचा आघात सौम्य झाला आहे.

महाराष्ट्राला याचे उत्तर एकदा सापडले होते. १९७२-७३ च्या दुष्काळात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आणि डाव्या व समाजवादी पक्षांच्या, स्त्रियांच्या आणि शेतमजुरांच्या आंदोलनांच्या रेट्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्या कायद्याने प्रथमच असे मान्य केले, की आपत्तीत बुडते ते केवळ पीक नव्हे, काम बुडते. आणि काम मागणे हा मेहेरबानीचा नव्हे, हक्काचा विषय आहे. २००५ साली देशाने ते तत्त्व स्वीकारले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात १२५ दिवसांचे आश्वासन आहे. पण पेरणी-काढणीच्या ऐन हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही आहे. तिचे समर्थन असे, की त्या दिवसांत शेतीला मजूर मिळावेत. शेतात पीक असेल तर हे म्हणणे एकवेळ समजू शकते. परंतु ज्या काढणीच्या हंगामासाठी कामे बंद ठेवायची, तोच हंगाम गारांनी नेला तर? शेतातही काम नाही आणि सरकारकडेही नाही, अशी कोंडी होईल. आपत्तीत विशेष सवलती देता येतील असे कायद्यात म्हटले आहे. परंतु सवलत वरून मिळते, हक्क खालून बजावता येतो, हा फरक रोजगार हमीच्या लढ्यातून आलेल्या कार्यकर्त्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

करता येण्याजोगे

केवळ निषेधाने गावाचे भागत नाही. काही गोष्टी आजच्या चौकटीतही करता येतात.

पहिली गोष्ट अशी, की केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांतच, ज्या कुटुंबांच्या उपजीविकेवर आपत्तीचा गंभीर आघात झाला आहे त्यांच्यातील दोन प्रौढांना रोजगार हमीच्या दराने दररोज साहाय्य देण्याची तरतूद होती. ३१२ रुपयांच्या दराने दोन माणसांचे तीस दिवसांचे १८,७२० रुपये होतात. म्हणजे दोन हेक्टर जिरायतीच्या १७,००० रुपयांहूनही थोडे अधिक. ही तरतूद पूर-छावण्यांपुरतीच समजली जाऊ नये. गारपिटीने मजुरी बुडालेले कुटुंब हेही उपजीविका बुडालेलेच कुटुंब आहे. निकष पुन्हा ठरतील तेव्हा ही तरतूद कायम राहावी आणि तीत शेतमजुराचा स्पष्ट उल्लेख व्हावा, ही मागणी पक्षाने लावून धरली पाहिजे.

दुसरी, पंचनाम्याला दुसरे पान असावे. पहिल्या पानावर गट नंबर आणि क्षेत्र. दुसऱ्या पानावर त्या शिवारात मजुरीला जाणारी कुटुंबे, बटईदार, आणि स्थलांतरितांची घरे. ही यादी ग्रामसभेत व्हावी आणि चावडीवर वाचली जावी. मजुरांची नोंद करणे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की रोजगार हमीच्या जॉबकार्डांनी ती वर्षानुवर्षे केलेली आहे.

तिसरी, कसणाऱ्याला मालकीशी न जोडलेले ओळखपत्र. आंध्र प्रदेशाने २०१९ च्या कायद्याने बटईदाराला अकरा महिन्यांचे लागवड-हक्कपत्र देण्याची सोय केली. मालकी अबाधित ठेवून मदत, विमा आणि पीककर्ज कसणाऱ्यापर्यंत नेण्याचा तो प्रयत्न आहे. मालकाच्या संमतीची अट हा त्यातील कच्चा दुवा आहे. महाराष्ट्राने तो दुवा पक्का करून, ग्रामसभेच्या साक्षीवर हक्कपत्र देण्याचा मार्ग काढावा. ओडिशाने तर आपल्या कालिया योजनेत भूमिहीन शेतकरी-कुटुंबांनाही स्थान दिले होते. म्हणजे ही कल्पना स्वप्नरंजन नाही.

चौथी, गारपिटीसाठी पीकविम्यात वैयक्तिक शेताचा निकष परत आणणे, आणि नवीन रोजगार कायद्यातील कामबंदी आपत्तीग्रस्त मंडळांत आपोआप उठेल अशी अधिसूचना आधीच काढून ठेवणे.

या मागण्या शेतकरी आणि शेतमजूर यांनी एकत्र केल्या तरच त्यांना वजन येईल. गावात मदतीची यादी लागते त्या दिवशी भांडण लागते ते बहुधा याचे नाव का आणि त्याचे का नाही, याचे. हे भांडण दोन गरिबांचे असते. कार्यकर्त्याने त्या दिवशी चावडीवर हजर असले पाहिजे, आणि त्याच्या हातात दुसऱ्या पानाची स्वतः तयार केलेली यादी असली पाहिजे: कोण कोणाच्या शेतात किती दिवस राबणार होते, कोणाची जमीन कोण कसत होता, कोण उसाला गेले होते. ही यादी करायला शासकीय आदेश लागत नाही. एक वही, दोन संध्याकाळी आणि गावातील बायकांशी बोलण्याची तयारी एवढे पुरते. गारपीट झाल्यावर ती करायला घेतली तर उशीर होतो. ज्वारी पोटऱ्यात असतानाच ती तयार व्हावी. येत्या रब्बीला जालन्याच्या आठ तालुक्यांत निदान प्रत्येकी पाच गावांची अशी वही पक्षकार्यालयात जमा झाली, तर पुढच्या वेळी तहसीलदारापुढे जाताना कार्यकर्त्याच्या हाती निवेदनाबरोबर पुरावाही असेल.